सीमाप्रदेशाचे संशोधन : पैसा कोणाचा, प्रश्न कोणाचा?

अनुदान हा शब्द आपल्या गावाला नवा नाही. ठिबक सिंचनाचे अनुदान, गोठ्याचे अनुदान, शाळेच्या वेतनाचे अनुदान, ही सारी आपल्या परिचयाची आहेत. परंतु संशोधनाचे अनुदान म्हणजे काय, आणि तेही दोन-तीन देशांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन एखाद्या सीमेवरच्या मुलखाचा अभ्यास करावा म्हणून दिलेले अनुदान म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, हा विद्यापीठातल्या मंडळींचा विषय. हुपरीतल्या चांदी कारागिराचा आणि ऊसकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? आम्हांला येथे नेमका तोच संबंध उलगडून दाखवावयाचा आहे. कारण अशा संशोधनाला जसला मुलूख लागतो तसल्याच मुलखात आपण राहतो, आणि असे संशोधन आपल्या शिवेपर्यंत एकदा येऊनही गेले आहे.

प्रथम ‘सीमेवरचा मुलूख’ म्हणजे काय ते पाहू. राज्यकारभारासाठी जमिनीवर रेघ ओढावी लागते. पण नदी, देव, बाजार आणि भाषा ह्यांना त्या रेघेचे बंधन नसते. दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून वाहते आणि पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत विलीन होते, आणि ते पाणीही पुढे कर्नाटकाच्याच हद्दीत शिरते. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. तिला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला तो एकट्या कोल्हापूरला मिळाला नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून तो मिळाला. नाव एका गावाचे, पण हात दोन्ही राज्यांचे. चर्मकाराची आरी कोठल्या राज्यात चालते हे चपलेला कळत नाही. कायद्यानेही ते मान्य केले, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु अभ्यासाच्या बाबतीत मात्र रेघ फार पक्की ठरते. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेत बेळगावचा खंड १८८४ साली आणि कोल्हापूरचा खंड १८८६ साली निघाला. दोन्ही एकाच मालेतले, एकाच पद्धतीने रचलेले; त्यामुळे इकडचे पीक आणि तिकडचे पीक, इकडचा बाजार आणि तिकडचा बाजार ह्यांची तुलना सहज करता येई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तेव्हापासून दोन राज्यांची दप्तरे वेगळी, दप्तराची भाषा वेगळी. सीमेचा तंटा अद्याप सर्वोच्च न्यायालयापुढे आहे; महाराष्ट्राने तेथे २००४ साली दावा दाखल केला. त्या तंट्याच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. सांगावयाचे एवढेच की, तंट्यातला प्रदेश हा अभ्यासाला नेहमी अवघड असतो. कारण जो तो पक्ष आपल्याला सोयीचे आकडे आधी पुढे करतो.

कृष्णेच्या पाण्याचेही असेच झाले. बच्छावत लवाद १९६९ साली नेमला गेला. त्याच्या निवाड्याने नदीच्या २०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट असा वाटा ठरवून दिला. पुढे २००४ साली ब्रिजेशकुमार लवाद नेमण्यात आला आणि त्याने २०१० साली निवाडा दिला. लवादापुढे प्रत्येक राज्य आपापले तज्ज्ञ उभे करते. ते खोटे बोलतात असे आमचे म्हणणे नाही. पण त्यांना वेतन एका पक्षाकडून मिळते, आणि ते कोणता प्रश्न विचारणार हे त्यावरून पुष्कळसे आधीच ठरून जाते. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या तीन वर्षी आपल्या जिल्ह्याने महापूर भोगला. अलमट्टीचे पाणी ५१९.६० मीटरवर ठेवावे की ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवावे, हा वाद आपण त्या पुराच्या आठवणीने ऐकतो. दोन्ही तीरांच्या माणसांना विश्वास वाटेल असा अभ्यास कोणी करावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न येथे उभा राहतो. अनुदानाचे महत्त्व आहे ते येथे.

युरोपात हा प्रश्न ऱ्हाईन नदीने शिकवला. ही नदी अनेक देशांतून वाहते. तिच्या प्रदूषणाचा एकत्र विचार करण्यासाठी स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलंड्स ह्या पाच देशांनी १९५० साली एक आयोग स्थापन केला. पुष्कळ वर्षे मोजमापे झाली, परिषदा झाल्या, पण नदी म्हणावी तशी सुधारली नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझल शहराजवळ एका रासायनिक गोदामाला आग लागली; विझवण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर विषारी द्रव्ये नदीत गेली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. विष सोडले एका देशाने, मासे मेले दुसऱ्या देशात. तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. पुढल्याच वर्षी कृतिकार्यक्रम ठरला आणि २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परत आला पाहिजे, असे साधे, कोणालाही समजेल असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. १९८९ साली त्याच खोऱ्यातील बाझल, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह, स्ट्रासबुर्ग आणि म्यूलूझ येथल्या विद्यापीठांनी आपला संघ केला. ही विद्यापीठे तीन देशांतली आहेत. १९९० पासून युरोपीय समुदायाने सीमेवरच्या प्रदेशांसाठी ‘इंटररेग’ नावाची निराळी अनुदान योजना सुरू केली. तिची मुख्य अट अशी की, अर्ज एका देशाने एकट्याने करावयाचा नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचे भागीदार असले पाहिजेत, आणि खर्चाचा काही भाग त्यांनी आपल्या खिशातून घातला पाहिजे. ही अट आम्हांला मोठी शहाणपणाची वाटते. ज्याचा स्वतःचा पैसा लागतो तो हिशेब नीट पाहतो. आणि जो शेजाऱ्याबरोबर सही करतो तो शेजाऱ्यावर सहजासहजी आरोप करीत नाही.

आता आपल्या शेजारी या. पट्टणकोडोली आपल्यापासून दूर नाही. आश्विनात तेथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा उधळला जातो, खारीक-खोबऱ्याचा वर्षाव होतो, ढोल-कैताळांचा गजर चालतो आणि फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला दोन्ही राज्यांतून माणसे लोटतात. हा देव महाराष्ट्रात बिरोबा, कर्नाटकात बीरप्पा. भक्त इकडे धनगर, तिकडे कुरुब. आपण हे लहानपणापासून पाहतो, म्हणून त्यात अभ्यासण्याजोगे काही आहे असे आपल्याला वाटत नाही. पण एका जर्मन पंडिताला ते वाटले. गुंथर सोंथायमर हे त्यांचे नाव. ते मूळचे कायद्याचे अभ्यासक. एकत्र हिंदू कुटुंबाचा कायदा हा त्यांचा पहिला विषय. पुढे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत त्यांनी अध्यापन केले. ही संस्था १९६२ साली निघाली. कायद्याच्या पोथ्यांकडून ते माळरानाकडे वळले. धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ह्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. मराठी मुलखातला खंडोबा, कानडी मुलखातला मैलार आणि तेलुगू मुलखातला मल्लण्णा ही एकाच दैवताची रूपे आहेत, हे त्यांनी तीन भाषांच्या सीमा ओलांडून तपासले. त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. १९८९ साली तो ॲन फेल्डहाउस ह्या अमेरिकन विदुषीने इंग्रजीत आणला. १९९२ साली सोंथायमर वारले.

इकडे आपले रा. चिं. ढेरे ह्यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पंढरीच्या विठ्ठलाचा मागोवा घेताना धनगरांच्या विठ्ठल-बिरदेव ह्या जोडदेवाला त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले आहे. त्या ग्रंथाचाही इंग्रजी अनुवाद फेल्डहाउसबाईंनीच २०११ साली केला. आणि २०१४ साली रामदास आटकर व राजाराम झगडे ह्या मराठी अभ्यासकांच्या साह्याने त्यांनी सोंथायमरांनी मुद्रित केलेल्या बिरोबा आणि धुळोबा ह्यांच्या दोन दीर्घ ओवीकथा इंग्रजी अनुवादासह ग्रंथरूपाने प्रकाशात आणल्या. म्हणजे जर्मन, अमेरिकन आणि मराठी अशा तीन देशींच्या-विदेशींच्या हातांनी आपल्या दारचा देव जगापुढे नेला.

आता ह्या कथेचे दुसरे अंग पाहा. माळावरच्या गायकाने ओवी गाइली ती मराठीत. तिच्यावरचा ग्रंथ आधी जर्मनीत आला, तेरा वर्षांनी इंग्रजीत आला, आणि ओवीकथांचे पुस्तक तर ते गोळा करणारा वारल्यावर बावीस वर्षांनी निघाले. ओवी गाणाऱ्याच्या घरी ह्यांतले काय पोहोचले? येथे आम्ही सोंथायमरांना दोष देत नाही. त्यांनी नोंद केली नसती तर त्यातले पुष्कळसे आज नुसते विरून गेले असते. परंतु जर्मन विद्यापीठ आपल्या अध्यापकाला वेतन देते ते जर्मन ज्ञानात भर पडावी म्हणून. आपल्या गावाच्या वाचनालयात पुस्तक यावे ही जबाबदारी त्या वेतनात लिहिलेली नसते. ती लिहून घ्यावी लागते. अनुदानाच्या करारात जे लिहिलेले नसते ते सहसा घडत नाही.

म्हणून हा करार होतो कसा, हे समजून घेऊ. आपल्या धंद्यातल्या शब्दांनी सांगावयाचे तर संशोधनाचे अनुदान म्हणजे प्रश्नाची मजुरी. पैसे देणारी संस्था प्रथम जाहीर करते की अमुक विषयावर अर्ज मागवीत आहोत. अभ्यासक आपला प्रश्न, पद्धत, भागीदार, मुदत आणि खर्चाचा तपशील लिहून देतात. त्यानंतर त्याच विषयातले इतर जाणकार तो अर्ज तपासतात. चांदीचा टंच काढल्याखेरीज तिचा भाव ठरत नाही, तसाच हा प्रकार. तपासणारा अर्जदाराचा सोयराही असू नये आणि वैरीही असू नये, हा त्यातला नियम. अर्ज मंजूर झाला की पैसा हप्त्याहप्त्याने येतो. साहाय्यकांचे वेतन, प्रवास, उपकरणे, परिषदा असे खर्चाचे कप्पे ठरलेले असतात. एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात मनाला येईल तसा घालता येत नाही. आटणीत जशी घट धरावी लागते तसा संस्थेच्या वीज-जागा-कारकुनीसाठी काही भाग बाजूला काढलेला असतो. हप्ता संपला की विनियोग प्रमाणपत्र द्यावयाचे; ते दिल्याशिवाय पुढला हप्ता नाही. शेवटी अहवाल.

असा पैसा देणाऱ्या संस्था आपल्या देशातही आहेत. समाजशास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ साली निघाली. परदेशांशी मिळून संशोधन करण्यासाठी १९८७ साली भारत-फ्रान्स केंद्र स्थापन झाले. भारत-जर्मनी विज्ञान-तंत्रज्ञान केंद्राची २०१० साली स्थापना झाली. त्याच्या एका योजनेची रचना मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे : प्रत्येक देशाची एक संशोधन संस्था आणि एक उद्योग, अशा दोनास दोन मिळून चार भागीदारांनी अर्ज करावयाचा. उद्योगाला तेथे दाराबाहेर उभे केलेले नाही, पंक्तीला बसवलेले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने भारतीय आणि परदेशी विद्यापीठांनी एकत्र संशोधन करावे म्हणून ‘स्पार्क’ ही योजना सुरू केली.

ह्यात कायद्याच्या दोन गाठी आहेत; त्या माहीत असल्या पाहिजेत. पहिली पैशाची. परदेशी देणगी घेण्यावर २०१० च्या कायद्याचे नियंत्रण आहे. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे परदेशी देणगी प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठराविक खात्यातच घ्यावी लागते आणि एका संस्थेने घेतलेली अशी देणगी दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाही. गैरव्यवहार थांबावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेने असा पैसा घ्यावा आणि त्यातला वाटा एखाद्या लहान गावच्या मंडळाला द्यावा, ही वाट त्यामुळे बंद झाली. परिणाम असा की, गावची मंडळी भागीदार न होता माहिती पुरवणारी होऊन राहण्याची भीती वाढली.

दुसरी गाठ जीवसंपत्तीची. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला वा संस्थेला येथल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे लोकज्ञान संशोधनासाठी न्यावयाचे असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. सरकारांनी संमत केलेल्या सहकारी संशोधनाला काही सवलत आहे. ह्याच कायद्याने ग्रामपंचायत आणि नगरपालिका ह्यांच्या पातळीवर जैवविविधता समित्या नेमावयाच्या आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवावयाची आहे. धनगराला दख्खनी मेंढीविषयी जे ठाऊक आहे, वैदूला मुळीविषयी जे ठाऊक आहे, ते ज्ञान कोणाचे हा प्रश्न कायद्याने गावापर्यंत आणून ठेवला आहे. ती वही कोरी राहिली तर दोष कायद्याचा नव्हे.

परदेशी पैसा आला म्हणजे ज्ञान बाहेर गेलेच पाहिजे, असेही मात्र नाही. जात्यावरच्या ओव्यांचे काम पाहा. गी प्वातवँ हे मूळचे फ्रेंच आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांबरोबर बसून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाला परदेशांतूनही अर्थसाहाय्य मिळाले होते. परंतु ओव्या मराठीतच लिहिल्या गेल्या, गाणारीचे आणि गावाचे नाव ओवीबरोबर राहिले, आणि २०१७ पासून त्या कोणालाही फुकट वाचता-ऐकता येतील अशा रीतीने प्रसिद्ध होऊ लागल्या. पैसा कोठून आला ह्यापेक्षा काम कोणाबरोबर बसून केले आणि परत कोणाच्या हाती दिले, हे अधिक महत्त्वाचे, असा धडा आम्ही त्यावरून घेतो.

मग आपण काय करावे? उद्या एखादा अभ्यासक, देशी असो वा विदेशी, वही घेऊन आपल्या दाराशी आला तर त्याला चहा द्यावाच. परंतु चार प्रश्नही विचारावेत. हा प्रश्न कोणी ठरवला? पैसा कोण देतो आणि त्याच्या अटी कोणत्या? आमची माहिती, आमचा आवाज, आमचे छायाचित्र कोठे राहील आणि त्यावर आमचे नाव असेल की नाही? आणि शेवटी जे निघेल ते मराठीत व कानडीत आम्हांला केव्हा मिळेल? हे विचारणे म्हणजे उर्मटपणा नव्हे. कारागिराच्या हाती चांदी सोपवताना आपण वजन आणि टंच लिहून घेतोच की नाही? त्यात अविश्वास नसतो. पुढचा तंटा टळतो एवढेच.

पण नुसते विचारणारे होऊन भागणार नाही, प्रश्न ठरवणारेही आपण झाले पाहिजे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले, बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली.  दोघांनी मिळून, आणि हवे तर ऱ्हाईनकाठच्या एखाद्या अनुभवी विद्यापीठाला तिसरा भागीदार करून, पंचगंगा-दूधगंगा-कृष्णेच्या पुराचा अभ्यास दोन्ही तीरांवर एकाच मापाने करावा. पावसाचे, पाणीपातळीचे आणि धरणातल्या विसर्गाचे आकडे दोन्ही भाषांत, रोजच्या रोज, सर्वांना दिसतील असे ठेवावेत. हा अर्ज लिहिण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते. त्यात तिसरा भागीदार दूरचा असण्याचा फायदाच आहे; त्याला ना इकडचे मत मिळवायचे, ना तिकडचे. तशीच हुपरीच्या चांदीची गोष्ट. धुरात आणि तेजाबाच्या वाफेत बसणाऱ्या कारागिराचे फुप्फुस कसे राखावे ह्यावर एक संस्था आणि एक उद्योग, दोनास दोन, अशी भागीदारी का होऊ नये? तशा योजनेला उद्योग हवाच असतो. तो आपल्या गल्लोगल्ली आहे.

ह्या कामी पहिले पाऊल फार लहान आहे. आपल्या गावाला कोणते प्रश्न पडले आहेत त्यांची यादी नगरपालिकेने, वाचनालयाने आणि शाळांनी मिळून करावी, आणि ती दोन्ही विद्यापीठांकडे धाडावी. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भाकणूक ऐकायला आपण जातो ती पाऊसपाणी कसे होईल हे कळावे म्हणून. पाऊस आपल्या हाती नाही. पण पडलेला पाऊस कोणी मोजावा, कोणत्या भाषेत लिहावा आणि ती वही कोणाजवळ राहावी, हे ठरवणे आपल्या हाती आहे. अनुदान देणारे पुष्कळ आहेत. त्यांना आपला प्रश्न आपणच सांगितला नाही, तर ते त्यांचा प्रश्न घेऊन येतील, आणि आपण पुन्हा एकदा उत्तरे देत बसू.